व्यायामाच्या सोबतीचे संगीतयंत्र

लेझीम हाती घेऊन ज्याने शाळेच्या पटांगणात चार पावले टाकली आहेत, त्याला शरीरश्रम आणि ठेका यांचे नाते निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. ढोल-हलगी घुमत असेतोवर जे हात थकत नाहीत, तेच हात वादन थांबताच जड होतात. आणि कोल्हापूरकडील कुस्तीच्या मैदानात हलगीवाल्याची हजेरी लागते, ती केवळ शोभेसाठी लागत नाही. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव मोजून पाहण्याची बुद्धी ज्यांना आरंभी झाली, त्यांत लेनर्ड एअर्स या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाची गणना करावी लागते. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या टिपणात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील सहा दिवसांच्या सायकलशर्यतीचा हिशेब असून, बँड वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी १९.६ मैल, तर बँड गप्प असताना १७.९ मैल भरला, अशी नोंद त्यात आहे. अलीकडच्या काळात लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कॉस्टास कॅरागिऑर्गिस यांनी या विषयाला कित्येक वर्षे वाहून घेतले, आणि त्या संशोधनातील एक निष्कर्ष सामान्य व्यायामकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. श्रम हलके वा मध्यम असतील तोवर संगीत थकव्याची जाणीव बोथट करते. परंतु श्रम परमावधीला पोचले की छाती आणि पोटऱ्या यांचीच ओरड इतकी मोठी होते की, कानातल्या गाण्याची दाद घ्यायला मनाला सवड उरत नाही.

तेव्हा व्यायामाला संगीत हवे की नको, हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न आहे तो ते संगीत अंगावर वागवायचे कसे, हा. आणि खिशात मोबाइल फोन असताना त्याच कामासाठी दुसरे यंत्र विकत घेणे ही चैन नव्हे काय, असा आक्षेप जो कोणी घेईल त्याच्यासाठी थोडी कैफियत मांडणे अगत्याचे आहे. आजचा सर्वसाधारण मोबाइल १७० ते २२० ग्रॅम वजनाचा असतो. हे वजन टेबलावर कळत नाही, पण धावणाऱ्याच्या विजारीच्या खिशात ते दर पावलागणिक मांडीवर आपटत राहते, आणि दंडाला पट्टा बांधून तेथे बसविले तर एक हात दुसऱ्यापेक्षा जड होऊन धावण्याची लय बिघडते. घामाने ओले झालेले बोट काचेवर फिरविले असता काच ते ओळखीत नाही किंवा भलतेच काही ओळखते. याहून मोठी अडचण निराळीच आहे: फोन हा मुळात परक्यांनी आपल्याला हाक मारण्यासाठी बाळगावयाचा पदार्थ असल्यामुळे, दंडबैठकांची ऐन भरात आलेली आवर्तने कोणा बँकेच्या कर्जविभागाच्या फर्मानाने खंडित होतात. जे यंत्र गाणे वाजविण्याखेरीज दुसरे काहीही करू शकत नाही, त्याची ती असमर्थता हाच व्यायामकर्त्याच्या दृष्टीने त्याचा पहिला गुण होय.

अशा यंत्राचा इतिहास फार जुना नाही. सोनी या जपानी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी वॉकमन बाजारात आणला, तेव्हा त्याची किंमत ३३,००० येन आणि वजन सुमारे ३९० ग्रॅम होते. म्हणजे आजच्या फोनच्या जवळजवळ दुप्पट. त्याला इयरफोन जोडण्याच्या दोन जागा होत्या, आणि शेजाऱ्याशी बोलता यावे म्हणून गाणे दबवून बाहेरचा आवाज आत घेणारे एक नारिंगी बटणही होते; एकट्याने गाणे ऐकणे हे शिष्टाचाराला सोडून होईल, अशी धास्ती निर्मात्यांना वाटत होती, त्याची ती खूण. ती धास्ती किती निराधार होती हे पुढे सर्वांनीच पाहिले. १९८३ साली त्याच कंपनीने पिवळ्या रंगाचा, पाण्याच्या शिंतोड्यांना न जुमानणारा खास खेळाडूंचा वॉकमन काढला आणि व्यायामासाठी निराळे यंत्र ही कल्पना रूढ झाली. तथापि फिती ओढणारी चाके धावण्याच्या धक्क्याने डगमगत आणि गायकाचा स्वर मधूनच पाण्यावरच्या प्रतिबिंबासारखा हले. पुढे तबकडीवर प्रकाशकिरणाने वाचले जाणारे संगीत आले, त्याचा किरण तर पायरी उतरतानासुद्धा रेषा सोडी, म्हणून काही सेकंदांचे गाणे आगाऊ साठवून ठेवण्याची तजवीज यंत्रात करावी लागली. २००१ च्या ऑक्टोबरात आलेल्या पहिल्या आयपॉडमध्येही फिरणारी चकतीच होती. ज्यात हलणारा एकही अवयव नाही अशी फ्लॅश स्मृती, जिचा शोध तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या नावावर जमा आहे, ती पुरेशी स्वस्त झाल्यावरच धावणाऱ्याला खऱ्या अर्थाने निर्वेध संगीत लाभले. १९९८ साली दक्षिण कोरियातून आलेल्या एमपीमॅन या यंत्रात अवघी ३२ मेगाबाइट जागा होती, आणि आठ-दहा गाण्यांत ती संपे. पण ते उलटे टांगले तरी वाजत राही.

आता निवडीकडे वळू. दुकानदार, जाहिरात आणि हौशी मित्र हे तिघेही प्रथम ध्वनीच्या गुणवत्तेविषयी बोलतात, आणि माझ्या मते ते तिघेही चुकीच्या टोकाने आरंभ करतात. ज्या खोलीत ट्रेडमिल घरघरत आहे, लोखंडी वजने आपटत आहेत आणि भिंतीवरच्या भोंग्यातून व्यवस्थापकाच्या आवडीचे निराळेच गाणे ओसंडत आहे, तेथे अतिशुद्ध ध्वनीचा सूक्ष्म तपशील ऐकू येण्याचा संभव नाही. व्यायामाच्या यंत्राची परीक्षा कानाने घेण्याआधी ती बोटाने घेतली पाहिजे. धावत असताना, डोळे रस्त्यावर आणि श्वास तालावर असताना, हात कमरेकडे नेऊन न पाहता आवाज कमी-अधिक करता येतो काय, गाणे पुढे सरकविता येते काय आणि एका दाबात सारे बंद करता येते काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत, आणि त्यांची उत्तरे दुकानातच, यंत्र पाठीमागे धरून, मिळवावीत.

या बाबतीत आयपॉड शफलचा दाखला मोठा बोधक आहे. २००५ च्या जानेवारीत हे पडदा नसलेले, २२ ग्रॅमचे यंत्र निघाले. २००६ साली त्याला पाठीमागे चिमटा बसला आणि ते सदऱ्याच्या काठाला अडकविता येऊ लागले. इथवर सारे ठीक होते. परंतु २००९ साली काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीत अंगावरची सारी वादन-बटणे काढून टाकण्यात आली आणि कारभार इयरफोनच्या तारेवरील एका लहानशा पट्टीकडे सोपविण्यात आला: एकदा दाबले की थांबणे वा चालू होणे, दोनदा दाबले की पुढचे गाणे, तीनदा दाबले की मागचे. दिसायला ते एखाद्या टाय-पिनेसारखे देखणे झाले. पण ज्याची धाप लागलेली आहे त्याने घामट अंगठ्याने दोन दाबांमधले अंतर सांभाळावे कसे, हा विचार कोणी केला नाही, आणि स्वतःचे आवडते इयरफोन लावले तर त्यांना ती पट्टीच नसल्यामुळे यंत्र मुके होई. २०१० च्या सप्टेंबरात चौथी आवृत्ती आली तेव्हा बटणांचे ते गोल चक्र निमूटपणे परत आले होते. त्या १२.५ ग्रॅमच्या चौकोनी तुकड्यावर मधले बटण खोलगट आणि भोवतालचे कडे किंचित उचललेले असल्यामुळे अंगठा आपोआप जागेवर जाई. २ गिगाबाइट जागा, सुमारे १५ तासांचे वादन, पडदा नाही. २०१७ च्या जुलैत त्याचे उत्पादन बंद झाले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे केवळ व्यायाम हा निकष धरला तर त्याच्या तोडीचे यंत्र त्यानंतर क्वचितच निघाले.

दुसरे नाव घ्यावयाचे ते सॅनडिस्क कंपनीच्या क्लिप मालिकेचे. २००७ साली आरंभ झालेल्या या मालिकेतील २००९ च्या क्लिप प्लस या नमुन्याला मेमरी कार्डाची खाच मिळाली, आणि लहानसा पडदा, चार दिशांची चौकोनी कळ व बाजूला आवाजाची बटणे अशी त्याची सुटसुटीत मांडणी होती. रॉकबॉक्स नावाची, जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून रचलेली एक विनामूल्य आज्ञावली त्यावर चढविता येते. तिच्या योगे गाण्याचा स्वर न बदलता त्याची गती तेवढी वाढविता वा घटविता येते, आणि ही सोय धावणाऱ्याला फारच उपकारक आहे, त्याचे कारण पुढे येईल. जुन्या बाजारात ही यंत्रे अद्याप हिंडत असतात. ती घेताना एक गोष्ट विसरू नये की, यांतील लिथियम बॅटरी वापरली नाही तरी वयोमानाने क्षीण होतेच, आणि ती सहजी बदलता येईल अशा रीतीने बसविलेली नसते; म्हणून डबीत सीलबंद राहिलेले दहा-बारा वर्षांपूर्वीचे नवेकोरे यंत्र हे वास्तविक म्हातारेच असते. विक्रेत्याच्या शब्दावर इतबार ठेवण्यापेक्षा, पूर्ण चार्ज करून ते किती तास वाजते याची खातरजमा करून मगच व्यवहार पुरा करावा.

पदपथावर काही शे रुपयांत मिळणारी, शफलची हुबेहूब नक्कल वाटणारी अनामिक यंत्रेही आहेत. त्यांचा मी सरसकट तिरस्कार करणार नाही. हरवले तर हळहळ नाही, हा त्यांचा गुण लहान नव्हे, आणि पहाटे फिरावयास जाणाऱ्याचे काम ती भागवितात. दोष असा की, बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती बहुधा पहिल्या गाण्यापासून आरंभ करतात, त्यामुळे तेच एक गाणे सबंध महिना ऐकण्याचा प्रसंग येतो. त्यांत घालावयाचे मेमरी कार्ड मात्र स्वस्तातले घेऊ नये. अंगावर ६४ गिगाबाइट छापलेले आणि वस्तुतः त्याच्या अष्टमांशही न साठविणारे बनावट कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून घरपोच बाजारापर्यंत कोठेही गळ्यात पडू शकते. ते संगणकाला खोटी क्षमता सांगते, फाइली स्वीकारल्याचा देखावा करते आणि जागा संपल्यावर जुन्या मजकुरावरच नवा लिहीत सुटते. नवे कार्ड आणल्याबरोबर ते पूर्ण भरून, भरलेले परत वाचून पाहणे हा एकच उपाय आहे, व त्यासाठी विनामूल्य साधने उपलब्ध आहेत.

वस्तुतः एवढ्या जागेची गरजही नसते. कॉम्पॅक्ट डिस्कवरील संगीत सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट या मानाने साठविलेले असते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत ज्याच्या घडणीचा मोठा भाग झाला त्या एमपी३ पद्धतीत, मोठ्या नादाखाली झाकला जाणारा बारीक नाद मनुष्याच्या कानाला तसाही ऐकू येत नाही या तत्त्वावर, तो सरळ गाळून टाकतात आणि तेच गाणे १२८ किलोबिटांत, म्हणजे मूळच्या सुमारे एक-अकरांश जागेत बसवितात. या मानाने मिनिटाला जवळपास एक मेगाबाइट लागतो. चार मिनिटांचे गाणे चार मेगाबाइटांत मावते आणि ४ गिगाबाइटांच्या यंत्रात हजाराच्या आसपास गाणी राहतात. दुप्पट उदार मानाने भरली तरी पाचशे. रोज तासभर व्यायाम करणाऱ्याला ती महिनाभर पुनरुक्तीवाचून पुरतील.

परंतु ती गाणी आणावयाची कोठून, ही खरी गोम आहे. हल्ली बहुतेकांचे संगीत मासिक वर्गणीवर चालते, आणि त्या सेवांमधून फोनवर उतरविलेली गाणी त्या त्या ॲपच्या कुलपातच बंद असतात. ती उचलून दुसऱ्या यंत्रात घालण्याची मुभा नसते आणि वर्गणी थांबली की तीही थांबतात. ज्याच्यापाशी स्वतःच्या मालकीच्या फाइली अथवा कपाटात धूळ खात पडलेल्या सीडी आहेत, त्यानेच या यंत्राच्या वाटेला जावे. अन्यथा यंत्र आणले, त्यात घालावयास काही नाही, अशी गत व्हावयाची.

तारेचा प्रश्नही किरकोळ समजू नये. इयरफोनची तार सदऱ्यावरून मोकळी लोंबत असेल तर दर पावलाला ती कापडावर घासते आणि ते घर्षण तारेतूनच कानात चढून ढब् ढब् असा आवाज होतो, जो गाण्यात नसतो आणि यंत्रातही नसतो. याला इलाज सोपा आहे: तार कानाच्या मागून वळसा देऊन घ्यावी, सदऱ्याच्या आतून खाली न्यावी आणि जास्तीची लांबी यंत्राच्या चिमट्यातच दुमडून धरावी. यंत्र कमरेला लावण्याऐवजी गळपट्टीजवळ लावले तर लांबीच कमी लागते. मात्र उताणे पडून छातीवर वजन उचलणाऱ्याने ते तेथे लावू नये, लोखंडी दांड्याची आणि त्याची गाठ पडते. बिनतारी ब्लूटूथने हा सारा खटाटोप वाचतो हे खरे, परंतु तेथे यंत्राची एक आणि दोन कानांच्या दोन, अशा तीन बॅटऱ्यांचा हिशेब सांभाळावा लागतो.

पोहणाऱ्याला तर ब्लूटूथचा उपयोगच नाही. ज्या लहरींवर ते चालते त्या पाण्यात काही बोटांच्या अंतरावरच शोषल्या जातात. सबब पोहणाऱ्याचे गाणे त्याच्या डोक्यावरच साठविलेले असले पाहिजे. याकरिता दोन जातींची यंत्रे आहेत. एक, ज्यात यंत्र आणि इयरफोन एकजीव असून कानाची भोके पातळ पडद्याच्या बोंडांनी बंद होतात. सोनीचे एनडब्ल्यू-डब्ल्यूएस४१३ हे या जातीचे, वजनाने सुमारे ३२ ग्रॅम, ४ गिगाबाइटांचे आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही दोन मीटरांपर्यंत चालेल अशा हमीचे. दुसरी जात अस्थिवाहनाची: कान मोकळा ठेवून गालाच्या हाडावाटे कंपने आत पोचविणारी, जसे शॉक्स कंपनीचे ओपनस्विम. पाण्याखाली कानात बूच घातले असता या दुसऱ्या जातीचा आवाज अधिक भरदार लागतो.

पाण्याची हमी दर्शविणारे आयपी हे अंक वाचताना थोडा व्यवहार बाळगावा. आयपीएक्स४ म्हणजे कोणत्याही दिशेने आलेले शिंतोडे सोसणारे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारे. परंतु या परीक्षा गोड्या पाण्यात घेतलेल्या असतात आणि घाम हे गोडे पाणी नव्हे. त्यातील मीठ चार्जिंगच्या पत्र्यांवर साचते, आणि ओलसर असतानाच यंत्र चार्जिंगला लावले की विजेच्या संगतीने ते धातू खाऊ लागते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत यंत्रे मरतात ती बहुधा अशी, पावसात भिजून नव्हे. व्यायामानंतर ओलसर फडक्याने पुसावे, कोरडे होऊ द्यावे आणि मग चार्ज करावे. यापलीकडे निगा लागत नाही.

आवाज किती ठेवावा, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की, ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकल्यास कानाला धोका नाही, पण ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. गोंगाटाच्या व्यायामशाळेत बाहेरच्या आवाजावर मात करण्यासाठी नकळत बटण वर वर जाते. म्हणून तेथे कान नीट बंद करणारे इयरफोन घ्यावेत, म्हणजे कमी आवाजात काम भागते. रस्त्यावर याच्या नेमके उलट. रेल्वेचे रूळ ओलांडताना कानात इयरफोन असल्यामुळे घडलेले अपघात मुंबईकरांना अपरिचित नाहीत, आणि ज्या शहरात दुचाकी पदपथावरून येते तेथे मागचा भोंगा ऐकू आलाच पाहिजे. अशा ठिकाणी अस्थिवाहनाचे यंत्र, नाही तर एकाच कानात इयरफोन. याखेरीज तिसरा पर्याय मला शहाणपणाचा वाटत नाही.

यंत्र आले, आता ते भरावयाचे. धावणाऱ्याची पावले मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात. तितक्या द्रुत लयीची गाणी थोडी. पण ८० ते ९० मात्रांच्या गाण्यावर पावलांची दुगुन आपोआप बसते, हे तालाची जाण असलेल्या मराठी मनुष्याला सांगावे लागत नाही. भजनी ठेक्याचे कित्येक अभंग आणि चढत्या ढोलकीच्या लावण्या या कामी उत्तम. लय थोडी मागेपुढे असेल तर वर सांगितलेली गती बदलण्याची सोय उपयोगी पडते. विलंबित ख्याल मात्र शेवटी अंग सैल सोडण्याच्या वेळेसाठी राखावा, कारण त्याच्या समेची वाट पाहत धावणाऱ्याची पावले अडखळतात. गरम होण्यासाठी एक, धावण्यासाठी एक आणि थंड होण्यासाठी एक, असे तीन फोल्डर करावेत, आणि फाइलींच्या नावांच्या आरंभी 01, 02 असे इंग्रजी अंक घालावेत, कारण ही यंत्रे बहुधा वर्णक्रमाने वाजवितात. नावेही रोमन लिपीतच ठेवलेली बरी. यांतील पुष्कळ यंत्रांना देवनागरी वाचता येत नाही, आणि ज्ञानेश्वर, तुकाराम व होनाजी हे तिघेही त्यांच्या इवल्या पडद्यावर सारख्याच रिकाम्या चौकोनांच्या ओळी होऊन उतरतात.